मदत हवी आहे: माणसाच्या कवटीत हे हाड कुठे गेले?

विज्ञानशिक्षक: माझ्याकडे एका प्राण्याची कवटी आहे. तिच्या वरच्या जबड्याच्या अगदी टोकाला दोन लांबट, चपटी हाडे आहेत आणि ती मॅक्सिलापासून, म्हणजे वरच्या जबड्याच्या मुख्य हाडापासून, शिवणीने (दोन हाडांमधील सांध्याच्या रेघेने) वेगळी दिसतात. माणसाच्या तक्त्यातील 22 हाडांत मात्र ती नाहीत. शनिवारी वर्गात तुलना शिकवायची आहे. माणसात हे हाड नसते, असे लिहू का? कृपया लवकर सांगावे.

पशुवैद्य: कवटी कोणत्या प्राण्याची आहे आणि त्याचे वय काय असावे, हे कळल्याशिवाय नीट सांगता येणार नाही.

जुना विद्यार्थी: सर, नसते असेच लिहा. आम्ही 22 हाडेच पाठ केली होती.

संग्राहक: कवटी ब्लीचमध्ये बुडवू नका, हाड ठिसूळ होते. हायड्रोजन पेरॉक्साइड वापरा.

विज्ञानशिक्षक: स्वच्छतेबद्दल मी विचारलेले नाही. कवटी शेळीची आहे, वय ठाऊक नाही. ती दोन हाडे हात लावला की हलतात.

पशुवैद्य: मग ते प्रीमॅक्सिला, म्हणजे वरच्या जबड्याच्या टोकाचे हाड आहे. शेळीला वरचे पटाशीचे दात नसतात, तेथे टणक हिरडी असते. तरीही हाड असतेच. कुत्र्यात याच हाडात वरचे पटाशीचे दात बसतात. 'नसते' असे कृपया लिहू नका. माणसात ते नाही, हाच माणूस आणि प्राणी यांतील भेद असे एकेकाळी मानले जाई. जर्मन कवी गटे यांनी 1784 मध्ये कवट्या ताडून पाहिल्या, तेव्हा त्यांना माणसातही त्याची खूण सापडली. आपल्यात ते जन्मापूर्वीच मॅक्सिलाशी जुळू लागते, म्हणून वेगळे मोजत नाहीत.

जीवाश्मप्रेमी: मोजणीत अडकूच नये. सरड्याच्या खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूला अनेक हाडे असतात. त्यांतील सांध्याचे हाड सस्तन प्राण्यांच्या कानात हातोडी नावाचे छोटे हाड झाले आणि वरच्या जबड्याचे क्वाड्रेट नावाचे हाड कानातील ऐरण झाले. मुलांना हेच सांगावे.

पशुवैद्य: ते खरे आहे, पण सरांचा प्रश्न कानाचा नाही. शिवाय मोजणीही उपयोगी पडते: शेळीच्या कपाळाची दोन हाडे वेगळी राहतात, माणसात ती बालपणीच एक होतात.

विज्ञानशिक्षक: आमच्याकडील माणसाच्या कवटीच्या प्लास्टिकच्या प्रतिकृतीत टाळूवर, पुढच्या दातांमागे एक छिद्र आहे, पण शिवण दिसत नाही.

पशुवैद्य: प्रतिकृतीत ती बहुधा उमटत नाही. खऱ्या, कोवळ्या वयाच्या कवटीत त्या छिद्रापासून दोन्ही बाजूंना, दुसरा पटाशीचा दात आणि सुळा यांच्या मधोमध जाणारी बारीक रेघ दिसते. तक्त्यावर ती रेघ पेन्सिलीने काढा आणि शेजारी शेळीची ती हलणारी हाडे ठेवा.