गुडघा आखडतो, अवघडतो की धरतो? (स्टिफनेसला मराठी शब्द हवाय)

अर्धी_फिजिओ

मंडळी, मदत हवीये. एमपीटीच्या (फिजिओथेरपीची मास्टर्स) दुसऱ्या वर्षाला आहे, मस्क्युलोस्केलेटल (हाडं, सांधे, स्नायू) घेतलंय, डेझर्टेशन गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसवर (वयाबरोबर येणारा संधिवात) आहे आणि पेशंटला द्यायची प्रश्नावली मराठीत करतेय. दुखण्याचे प्रश्न पटापट झाले, जिना चढताना, खुर्चीतून उठताना, रात्री झोपेत वगैरे. घोडं अडलंय दोनच प्रश्नांपाशी : सकाळी उठल्या उठल्या स्टिफनेस किती, आणि दिवसा बराच वेळ बसून किंवा पडून उठलं की किती. (वोमॅक ह्या ऑस्टिओआर्थ्रायटिसच्या ठरलेल्या प्रश्नावलीतही २४ पैकी स्टिफनेसचे दोनच प्रश्न असतात, पण डोकं तेच खातात.)

मी 'ताठरता' लिहिलं होतं. पहिल्याच आजींनी चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाल्या, "ताठरपणा माझ्यात कधीच नव्हता गं, होता तो ह्यांच्यात", आणि शून्याला गोल करून कागद परत दिला. पाच मिनिटांपूर्वी ह्याच आजी खुर्चीच्या दोन्ही हातांवर भार देऊन अर्ध्या उठल्या होत्या आणि तिथेच थांबल्या होत्या, गुडघा सरळ व्हायची वाट बघत.

मग आता काय लिहू? आखडणे, अवघडणे, धरणे, जखडणे, की सरळ स्टिफनेसच ठेवू?

हातचा_एक

आखडणे! आमच्या घरी तरी सगळे आखडलंय म्हणतात, मान आखडली, पाठ आखडली, विचार कसला करायचा त्यात.

मोडीत_काढलेला

हातचा_एक, थांबा जरा. 'आखडणे'मध्ये मूळ भाव आत ओढून घेण्याचा, लहान होण्याचा आहे ना? खर्च करताना आपण हात आखडता घेतो, तो कडक होत नाही, मागे येतो. त्यामुळे मांडीची मागची शीर आखडली हे बरोबर बसतं, कारण तिथे खरंच लांबी कमी पडलेली असते. ताईंच्या आजींचा गुडघा तसा आहे का ते मला माहीत नाही, मी भाषेचा माणूस.

जुना_खांदा

२० वर्षं ह्याच धंद्यात आहे त्यामुळे चार ओळी जास्त लिहितो, सांभाळून घ्या. पेशंट हे शब्द एकाला पर्याय म्हणून दुसरा असे वापरत नाहीत, नीट ऐकलं तर शब्दावरूनच अर्धी हिस्टरी मिळते.

'धरणे' बघा. कालपर्यंत बरा होता, सकाळी दात घासायला वाकला आणि कंबर धरली. गंमत म्हणजे धरणारा कोण ते वाक्यात नसतंच, कंबरच धरते. हे अचानक येतं, सोबत दुखणं असतंच, आणि माणूस हलायला घाबरतो. आपण त्याला स्पाझम लिहितो, म्हणजे स्नायू आवळून बसणं. उसण भरली हा त्याचाच भाऊ, फक्त उसण श्वास घेताना, वळताना मध्येच टोचते.

'जखडणे' म्हणजे साखळदंड. हा शब्द मी फ्रोझन शोल्डरसाठी राखून ठेवलाय. तिथे पेशंटने स्वतः हलवला तरी खांदा जात नाही आणि मी हलवला तरी जात नाही, कारण सांध्याभोवतीची पिशवीच आवळलेली असते, आणि हात बाहेर फिरवणं सगळ्यात जास्त अडतं. 'गोठलेला खांदा' हे शब्दाला शब्द ठेवून केलेलं भाषांतर, ते ऐकून एका बाईंनी मला खांदा शेकून वितळेल का विचारलं होतं. त्यांचं काय चुकलं? कॉडमन ह्या अमेरिकन सर्जनने १९३४ मध्ये फ्रोझन म्हटलं तेव्हा मराठी पेशंट त्याच्या डोळ्यासमोर नव्हता. खांदा जखडलाय म्हटलं की पुढे समजावून सांगावंच लागत नाही.

आणि 'अवघडणे'. हे एकाच स्थितीत राहिल्याने होतं आणि हललं की सुटतं. मांडी घालून बसलं की पाय अवघडतो, उठून चार पावलं टाकली की मोकळा. आता तुमचे दोन्ही प्रश्न परत वाचा, झोपून उठल्यावर आणि बसून उठल्यावर! ऑस्टिओआर्थ्रायटिसचा स्टिफनेस नेमका असाच असतो, सकाळचा सहसा अर्ध्या तासात जातो. तासाच्या वर टिकला, हाताच्या बोटांचे सांधे सुजले, तर ऱ्हुमॅटॉइडसारखा सुजेचा संधिवात आहे का ते बघावं लागतं. म्हणून माझं मत अवघडणे.

कुरकुरीत_सांधा

वा, जुना_खांदा सर, सेव्ह करून ठेवलं. अवांतर आहे पण विचारतेच, 'गादी सरकली'चं काय करायचं? माझ्या भावाला हे सांगितल्यापासून तो वाकतच नाही, आत काहीतरी ट्रेमधल्या कपासारखं घसरेल अशी भीती बसलीये त्याच्या मनात.

जुना_खांदा

गादी सरकत नाही. दोन्ही बाजूंच्या मणक्यांना ती घट्ट चिकटलेली असते. तिचं बाहेरचं कडं कमकुवत होऊन फुगतं किंवा चिरतं, आतला मऊ भाग बाहेर येतो आणि कधी कधी नसेला त्रास देतो. बऱ्याच वेळा तो बाहेर आलेला भाग पुढे आपोआप कमीही होतो. मी 'गादी फुगलीये' म्हणतो, त्यात परत बसण्याची सोय आहे. 'झीज'बद्दलही तेच. २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यात पाठ अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे स्कॅन पाहिले होते, डिस्कमध्ये, म्हणजे ह्याच गादीत, झिजेसारखे बदल विशीतल्या ३७ टक्क्यांत आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्क्यांत निघाले. म्हणजे केस पिकण्यासारखंच की! पण रिपोर्टवर झीज वाचून माणूस चालणं बंद करतो आणि मग खरंच दुखायला लागतं. भावाला वाकू दे, हळूहळू. मात्र लघवीवरचा ताबा गेला किंवा बैठकीची जागा बधिर झाली तर लगेच डॉक्टर, तिथे थांबायचं नाही.

मोडीत_काढलेला

मग टेनिस एल्बोवाल्यांनीही कोपराला सूज आली म्हणणं सोडावं काय?

अर्धी_फिजिओ

सोडलंच आहे, आम्हाला आता टेंडिनायटिस (टेंडनची सूज) नाही, टेंडिनोपॅथी (टेंडनचा बिघाड) लिहायला लावतात, कारण जुनाट दुखण्यात त्या टेंडनमध्ये, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या शिरेमध्ये, सुजेच्या पेशी फारशा सापडत नाहीत, धाग्यांची वीण विस्कटलेली दिसते. पण पेशंटला मराठीत काय म्हणायचं ते कोणी शिकवत नाही :( शीर म्हटलं की त्यांना रक्तवाहिनी वाटते, स्नायुबंध म्हटलं की मलाच हसू येतं. त्याचा वेगळा धागा काढते.

बरं, अपडेट. अवघडणे घेतलं. चार पेशंटना दिलं, चौघांनीही न विचारता उत्तर लिहिलं, त्या आजींनी यावेळी तीनला गोल केला, शेजारी पेनाने 'सकाळी चार' असंही लिहिलं. मग नियमाप्रमाणे बॅक ट्रान्सलेशनला पाठवलं, म्हणजे मूळ प्रश्न न बघितलेल्या आणि मेडिकलशी संबंध नसलेल्या माणसाकडे, तर काल त्याचं इंग्रजी आलं. त्याच्या मते मी विचारतेय की सकाळी उठल्यावर तुमच्या गुडघ्यांना किती संकोच वाटतो.

मोडीत_काढलेला

चार लोकांत अवघडल्यासारखं झालं असेल गुडघ्यांना.

अर्धी_फिजिओ

हसा हसा. गाईड मॅडमही हसल्या, पण शब्द बदलू दिला नाही, फक्त जोड द्यायला सांगितली. आता वाक्य असं आहे : 'सकाळी उठल्यावर गुडघे किती अवघडलेले असतात, म्हणजे पटकन हलत नाहीत, मोकळे व्हायला वेळ लागतो?' परत पाठवलंय त्याच माणसाकडे... नाही, त्याच नाही, आता त्याला माहीत झालंय, दुसरा शोधतेय. इंग्रजी बरं असलेलं आणि गुडघे न दुखणारं कोणी आहे का इथे?