आइस हॉकीत मान मोडली, भरपाई कुणी द्यायची?

निळीरेघ:
८ मार्च २००४, कॅनडातलं व्हॅन्कुव्हर. तिथल्या कॅनक्स क्लबचा टॉड बर्तुझी समोरच्या कोलोराडो टीमच्या स्टीव्ह मूरच्या मागेमागे फिरतोय, जर्सी ओढतोय. मूर वळत नाही म्हटल्यावर मागून डोक्यावर ठोसा, आणि वर स्वतःही त्याच्या अंगावर. मानेचे तीन मणके फ्रॅक्चर. २५ वर्षांचा मूर एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या या सर्वोच्च लीगमध्ये, परत खेळला नाही. बॉडी चेक, म्हणजे नियमात बसणारी अंगाची धडक, बसणार हे खेळाडूला मान्य असतं, हे नव्हतं. मारणाऱ्याने तर द्यावेतच, क्लबनेही पैसे मोजावेत असं माझं मत.

फटकेबाज:
मारामारीला नियमातच पाच मिनिटांची पेनल्टी आहे, तेवढा वेळ मैदानाबाहेर बसायचं, म्हणजे लीगने ती धरूनच चाललंय ना? आणि तीन आठवड्यांपूर्वी मूरनेच कॅनक्सच्या कॅप्टनला, नॅस्लंडला, धडक देऊन जायबंदी केलं होतं, ते सोयीस्कर गाळलंत. प्रत्येक टक्कर कोर्टात न्यायची तर न्यायाधीशालाच स्केट्स घाला.

निळीरेघ:
त्या धडकेला ना पेनल्टी मिळाली ना निलंबन. आणि धडकेचा हिशेब समोरासमोर भिडून चुकता करायचा, या खेळाडूंच्या अलिखित नियमाने म्हणाल, तर त्याच मॅचच्या तीनपैकी पहिल्या पिरियडमध्ये मूर कॅनक्सच्या मॅट कुकशी समोरासमोर भिडला होता. फिटंफाट झाली होती की! तिसऱ्या पिरियडमध्ये, कॅनक्स सहा गोलांनी मागे असताना, कसली वसुली राहिली होती?

काळाकोट:
अहो, फौजदारी आणि दिवाणी एकत्र घोळवू नका. फौजदारीत बर्तुझीने गुन्हा कबूल केला; एक वर्ष प्रोबेशन आणि ८० तास समाजसेवा, बस्स. मूरचा बर्तुझी आणि क्लबवरचा दिवाणी दावा कॅनडातल्या ओंटारिओत रखडत २०१४ ला सुनावणीच्या तोंडावर मिटला, रक्कम गुप्त. म्हणजे क्लबची जबाबदारी किती, यावर निकाल आलाच नाही. मूरला पैसे मिळाले असतील, पण पुढच्या जखमी खेळाडूच्या हाती काय?
फटकेबाजांच्या बाजूचाही निकाल आहे. १९९८ ची मॅककिचन केस: शिट्टी वाजल्यावर गोलकीपरला धडक बसली, खालच्या कोर्टाने पावणेदोन लाख डॉलर दिले, आणि अमेरिकेतल्या मिसुरी राज्याच्या अपील कोर्टाने ते काढून घेतले. असा धोका व्यावसायिक खेळाडूने पत्करलेलाच असतो म्हणे.

फटकेबाज:
बघा! मी वेगळं काय म्हणत होतो?

निळीरेघ:
धडक आणि मागून ठोसा यात फरक नाही? असो, तो निकाल मला तरी पटत नाही.

गोलपोस्ट:
मला ठोशापेक्षा डोक्याच्या रोजच्या माराची काळजी जास्त. माजी खेळाडूंनी कन्कशनबद्दल, म्हणजे डोक्यावरच्या माराने मेंदूला होणाऱ्या इजेबद्दल, लीगवर दावा लावला, २०१८ मध्ये १.८९ कोटी डॉलरवर तडजोड. तीनशेच्या वर खेळाडू. वाटून बघा. वर लीगने चूक कबूल केलीच नाही.

फटकेबाज:
त्यांना धोका माहीत होता. पगारही त्याचाच.

काळाकोट:
माहीत होता की लीगने लपवला, दावा नेमका त्यावरच होता. आणि मूरच्या केसमध्ये खुद्द बर्तुझीने आपल्या कोचला जबाबदारीत ओढलं होतं, नंतर ते सोडून दिलं. मारणाराच कोचकडे बोट दाखवत होता, फटकेबाज. हेही खेळातच धरायचं का?

फटकेबाज:
ते मला माहीत नव्हतं. तरी कोर्ट नकोच.