मदत हवी आहे: लॅपटॉपचं वायफाय 'ऑफ' झालंय आणि ऑन केलं तरी राहत नाही

घाटमाथा:
मंडळी, बाबांच्या लॅपटॉपचं वायफाय काल संध्याकाळपासून बंद आहे. ते कराडला, मी हैदराबादला, त्यामुळे सगळा कारभार व्हिडिओ कॉलवर. लॅपटॉप कुठल्याशा ऑफिसातून निघालेला सेकंडहँड, चांगला जाडजूड. विंडोज १०. त्याच राउटरवर आईचा फोन आणि टीव्ही झक्कास चालतात, तेव्हा राउटरवर संशय नाही.

सेटिंग्जमध्ये वायफाय 'ऑफ' दिसतं. ऑन केलं की लगेच परत ऑफ. एअरप्लेन मोड बंदच आहे. रीस्टार्ट झालं, राउटर बंद-चालू करून झाला. ट्रबलशूटर चालवला तर म्हणतो, 'वायरलेस केपेबिलिटी इज टर्न्ड ऑफ'. अरे बाबा, तेच तर आम्ही तुला सांगतोय! डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफायचं कार्ड व्यवस्थित दिसतं, त्यावर खाली जाणारा बाण नाही, म्हणजे डिसेबलही नाही. आत जाऊन पाहिलं तर 'धिस डिव्हाइस इज वर्किंग प्रॉपर्ली'.

गल्लीतला दुरुस्तीवाला म्हणतो कार्ड गेलं, नवीन टाकू. टाकावं का? बाबांना पतसंस्थेचा हिशेब सोमवारपर्यंत मेल करायचाय.

काकडी:
विंडोज नव्याने टाका. आमच्याकडे दर दिवाळीला टाकतो, फराळासारखं.

रात्रपाळी:
काकडी, हिशेबाची फाइल त्याच लॅपटॉपवर असणार, विंडोज कुठे टाकायला सांगताय!

घाटमाथा, सोमवारची काळजी आधी मिटवा. आईंचा फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टेथरिंग चालू करा. अँड्रॉइड असेल तर लॅपटॉपला नेट मिळेल, वायफाय कार्डाची गरजच नाही. किंवा राउटरपासून लॅन केबल ओढा. मेल जाऊ द्या, मग निवांत शोधू.

आता मूळ दुखणं. कार्ड जळलं असतं तर ते डिव्हाइस मॅनेजरमधून गायब झालं असतं, नाहीतर त्यावर पिवळं उद्गारचिन्ह आलं असतं. तुमचं कार्ड जागेवर आहे, फक्त त्याचा रेडिओ, म्हणजे लहरी पाठवणारा-पकडणारा भाग, बंद केलेला आहे. हे दोन प्रकारे होतं, सॉफ्टवेअरमधून किंवा लॅपटॉपवरच्या बटणातून. कुठून झालंय ते विंडोजलाच विचारा. स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून काळी खिडकी उघडा आणि बाबांना एकेक अक्षर सांगा: एन ई टी एस एच, स्पेस, डब्ल्यू एल ए एन, स्पेस, शो, स्पेस, इंटरफेसेस. एंटर. जे येईल त्यात 'रेडिओ स्टेटस' ही ओळ शोधा. तिच्यात हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर असे दोन शब्द असतील, प्रत्येकापुढे ऑन किंवा ऑफ. ते इथे लिहा.

घाटमाथा:
टेथरिंगने मेल गेला, सोमवार सुटला. शतशः आभार!

काळ्या खिडकीत बाबांनी आधी 'शो'च्या जागी 'सो' लिहिलं, मग इंटरफेसेसचं स्पेलिंग. आलं शेवटी: हार्डवेअर ऑफ, सॉफ्टवेअर ऑन.

रात्रपाळी:
मग विंडोजमध्ये कितीही टिचक्या मारा, उपयोग शून्य. कुठेतरी खराखुरा खटका आहे. जुन्या ऑफिस लॅपटॉपना पुढच्या किंवा बाजूच्या कडेला नखाएवढी सरकपट्टी असायची. बंद बाजूला सरकली की कार्डाला थेट 'गप्प बस' असा सिग्नल जातो. त्या जुन्या मिनी पीसीआय एक्सप्रेस कार्डांवर त्यासाठी २० नंबरची पिनच राखून ठेवलेली आहे, विंडोजचं तिथे काही चालत नाही. कार्ड बाकी ठणठणीत असतं, म्हणून तर 'वर्किंग प्रॉपर्ली'.

बाबांना लॅपटॉप बंद करून उलटा धरायला सांगा आणि चारही कडांवरून अंगठा फिरवायला सांगा. मनोऱ्यातून लहरी निघाव्यात तसं बारीक चित्र शेजारी कोरलेलं असेल.

ठिगळ:
लिनक्सवाले असाल तर 'आर एफ किल लिस्ट' टाका, तिथे 'हार्ड ब्लॉक्ड' आणि 'सॉफ्ट ब्लॉक्ड' वेगवेगळं सांगतं. सॉफ्ट असेल तर 'आर एफ किल अनब्लॉक वायफाय' पुरतं. हार्ड असेल तर हात लॅपटॉपलाच लावावा लागतो. (कुणी विचारलं नव्हतं, माहीत आहे.)

घाटमाथा:
सापडला!! उजव्या कडेला, हेडफोनच्या भोकाच्या शेजारी. काळ्यावर काळा, बाबांना चष्मा लावूनही दिसला नाही, अंगठ्यालाच कळला. सरकवला, आतून केशरी ठिपका झाकला जाऊन हिरवा दिसू लागला आणि वायफाय आपोआप जोडलं गेलं. आई मागून म्हणाली, काल मी तो ओल्या फडक्याने पुसला होता, कडा फार मळल्या होत्या. बाबा आता तिच्याकडे ज्या नजरेने बघतायत ते कॉलवर बघवत नाही.

एकच शंका: ब्लूटूथचा माउसही कालपासून रुसला होता, तोही चालू झाला. योगायोग?

रात्रपाळी:
योगायोग नाही. बऱ्याच मॉडेलांत वायफाय आणि ब्लूटूथ त्याच एका खटक्यावर असतात. तो पुन्हा सरकू नये म्हणून वर चिकटपट्टी लावा. काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडायच्या सेटिंग्जमध्ये) 'वायरलेस स्विच' नावाचं पान असतं, तिथून खटक्याचं वायफायवरचं नियंत्रणच काढून टाकता येतं. आणि दुरुस्तीवाल्याला नवीन कार्ड नको म्हणून कळवा.

सांजसकाळ:
धागा हायजॅक करतेय, माफी. माझ्या लॅपटॉपला कडेला काहीच नाही, पण एफ १२ वर तसंच चित्र आहे आणि त्यातला दिवा केशरी झालाय. मुलाने कीबोर्डवर तबला वाजवल्यापासून.

रात्रपाळी:
एफ १२ नुसतं दाबा. काही झालं नाही तर एफ एन धरून दाबा. एकदाच दाबा आणि पाच सेकंद थांबा, घाईघाईने दोनदा दाबलंत तर चालू होऊन परत बंद. दिवा पांढरा किंवा निळा झाला तर झालं काम. नाही झाला तर तुम्हीही ती काळी खिडकी उघडा आणि रेडिओ स्टेटस इथे टाका.