मदत हवी आहे: फॅक्टरीतूनच किट लावून घेऊ का?

नमस्कार मंडळी. टीव्हीएस अपाचे आरटीआर 310 घ्यायचं जवळपास ठरलंय. अडलंय ते 'बिल्ट टू ऑर्डर'वर, म्हणजे बुकिंग करतानाच जादा पैसे देऊन कंपनीकडून हवे ते बदल करून घेण्यावर. डायनॅमिक किटमध्ये पुढचं-मागचं सस्पेन्शन ॲडजस्ट करता येतं, चेनला पितळी कोटिंग मिळतं. 2023 मध्ये गाडी आली तेव्हा या किटचे 18,000 रुपये होते.

माझं रोजचं येणं-जाणं कासारवडवली ते महापे. घोडबंदर रोडचे खड्डे, मग ऐरोली पूल. आत्ताच्या गाडीची चेन पावसाळ्यात दोन दिवस उभी राहिली की तांबडी होते; रविवारी जुना टूथब्रश घेऊन मी तिच्यापुढे बसलेला असतो. त्यामुळे चेनचा मोह आहे. पण सस्पेन्शनचे स्क्रू एकदा फिरवल्यावर पुन्हा कोण हात लावतं?

बाहेरून बदल करायचा धीर होत नाही. मागच्या गाडीला बाहेरचे दिवे लावले, तर वायरिंगच्या वॉरंटीवर सर्व्हिस सेंटरने हात वर केले. शिवाय गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच.

किट घेतलेल्यांनी सांगा ना, विकताना त्याचे पैसे सुटतात का? इन्शुरन्सच्या आयडीव्हीत (विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीत) किट धरलं का? बाबा म्हणतात, एवढ्यात दोन वर्षांचं पेट्रोल येईल. (येत नाही, पण त्यांना कोण सांगणार.) रविवारी बुकिंगला जायचंय.