त्या तीन दिवसांत कोण उपयोगी पडले?

लैंगिक अत्याचारानंतर एचआयव्ही टाळण्याची औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. समलिंगी, तृतीयपंथी अशा आपल्यातल्या अनेकांचे हे तास मात्र ‘तू तिथे गेलासच का?’ याचे उत्तर देण्यातच जातात. कोल्हापूर परिसरातील ज्यांना लिहावेसे वाटेल, त्यांनी तेव्हा कोण कसे उपयोगी पडले ते लिहावे. नाव आणि घटनेचा तपशील नको.

अनामिक, रंकाळा परिसर
केसपेपरच्या खिडकीवर ‘काय होतंय?’ असे मोठ्याने विचारले गेले, तेव्हा मागे रांग होती आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. सोबतच्या मित्राने एसटीच्या तिकिटामागे ‘लैंगिक अत्याचार, फक्त डॉक्टरांशी बोलायचे आहे’ असे लिहून ते आत सरकवले. पोलीस तक्रार नसली तरी उपचार नाकारता येत नाहीत, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची २०१४ सालची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. डॉक्टरांना ती ठाऊक होती, हे माझे नशीब. पोलीस ठाण्यात मात्र बलात्काराचे कलम पुरुषाला लागू नाही असे ऐकावे लागले, आणि दुर्दैवाने ते खरे होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, पुरुषावरील लैंगिक बळजबरीलाही लागू होणाऱ्या जुन्या कलम ३७७ सारखी तरतूदच ठेवलेली नाही. शेवटी वकीलबाईंनी दुखापत, डांबून ठेवणे आणि धमकी या कलमांखाली तक्रार नोंदवून घ्यायला लावली. अत्याचाराला त्याचे नाव काही मिळाले नाही.

जोगती, वय ३४
मला अंघोळ करायची होती. गुरुमाईंनी करू दिली नाही. कपडे प्लॅस्टिकमध्ये दमट होऊन पुरावा खराब होतो, म्हणून त्यांनी ते साडीच्या दुकानाच्या कागदी पिशवीत घातले. तृतीयपंथी व्यक्तींसाठीच्या २०१९ च्या कायद्यात लैंगिक अत्याचाराला जास्तीत जास्त दोन वर्षांची शिक्षा आहे, हे कळल्यावर त्या बराच वेळ पानाला चुना लावत बसल्या.

कागलहून, एक मुलगी
मला मुली आवडतात हे कळल्यावर ‘सरळ करतो’ म्हणणारा माणूस नात्यातलाच होता. माझ्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे, पण तक्रार करायची तर घरात सगळेच सांगावे लागेल, म्हणून अजून केलेली नाही. वहिनींनी काहीच विचारले नाही. त्या रात्री त्यांनी माझे अंथरूण उचलून आपल्या खोलीत, भिंतीच्या बाजूला घातले आणि दाराला आतून कडी लावली.