उंच नाही म्हणून भव्य नाही?

दिल्लीचं राष्ट्रीय युद्ध स्मारक पाहून आलेले काहीजण म्हणतात, 'तिथं भव्य असं काहीच वाटलं नाही'. अहो, शेजारी ४२ मीटरचं इंडिया गेट आहे. त्याच्याशी उंचीची स्पर्धा नको म्हणूनच हे स्मारक मुद्दाम जमिनीच्या पातळीखाली उतरवलंय. (आपल्या कोल्हापुरी माणसाला स्मारक म्हटलं की चौथरा आणि त्यावर घोडा हवाच!)

रचना चार वर्तुळांची. मध्ये अमर चक्र, तिथं स्तंभ आणि ज्योत. मग वीरता चक्रात शिल्पकार राम सुतारांची ब्राँझची सहा शिल्पं, लोंगेवाला, रेझांग ला वगैरे लढायांची. सगळ्यात बाहेर रक्षक चक्र, म्हणजे पहाऱ्याला उभी केलेली झाडं.

पण वेळ द्यावा तो त्याग चक्राला. चक्रव्यूहासारख्या भिंती आणि ग्रॅनाइटच्या एकेका विटेवर एकेका जवानाचं नाव, अशी २५ हजारांवर. आपल्या शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीचा, म्हणजे फौजींच्या गावचा माणूस तिथं गेला तर आधी मराठा लाइट इन्फंट्रीचीच नावं शोधणार.

एक मात्र खटकतं. जानेवारी २०२२ मध्ये इंडिया गेटखालची ज्योत इथल्या ज्योतीत विलीन केली. ती तिथंच राहायला हवी होती. त्या कमानीवरची पहिल्या महायुद्धातली नावंही आपल्याच पोरांची आहेत.