'मिडल पॅसेज'ला मराठीत काय म्हणायचं?

उंबरठा: झाँग जहाजावरच्या लेखाचं भाषांतर करतेय. ब्रिटनहून कापड, बंदुका घेऊन आफ्रिकेचा किनारा, तिथून गुलाम म्हणून माणसं भरून कॅरिबियन बेटं, मग साखर घेऊन परत. यातला दुसरा टप्पा म्हणजे मिडल पॅसेज. 'मधला प्रवास' लिहिलं तर नवरा म्हणाला, "पनवेलला गाडी बदलतात तसं का?" सोमवारी मजकूर द्यायचाय.

खाडीकाठ: 'मधली खेप'. आजोबा गलबतावर तांडेल होते, मंगळूरहून कौलं आणायचे. फेरीला खेप म्हणत आणि त्या फेरीत आणलेल्या मालालाही खेपच.

शुद्धमती: कौलांचा शब्द माणसांना? 'मध्यसागरी दासवहन' करा.

खाडीकाठ: ते भूमध्य समुद्रात जातं हो. आणि जहाजमालकांच्या वहीत ती माणसं मालच होती. १७८१ मध्ये झाँगवरून १३०हून अधिक जणांना जिवंत समुद्रात ढकललं आणि मालकांनी डोईमागे ३० पौंड विमा मागितला. १७८३ मध्ये लंडनच्या कोर्टात गेलं ते विम्याचं भांडण. खुनाचा खटला कुणावरच नाही.

तळटीप: खेप म्हणजे मूळ संस्कृत 'क्षेप', फेकणं.

उंबरठा: काटा आला अंगावर. पण हे वाचकाला कुठे ठाऊक असणार?

तळटीप: नसू दे. साडेतीन शतकांत सुमारे सव्वा कोटी माणसं जहाजांत चढवली, त्यातली १ कोटी ७ लाखांच्या आसपास पलीकडे उतरली. 'खेप पुरी उतरली नाही' एवढं वाक्य कुणालाही कळेल.

शुद्धमती: निदान 'गुलाम' तरी टाळा. परका शब्द आहे. 'दास' म्हणा.

चिंचगूळ: दास म्हटलं की मला दासनवमी आठवते. 'गुलाम' मूळ अरबी, अर्थ नुसता 'पोरगा'. आणि अस्सल देशीच हवा तर 'कुणबीण' घ्या की! पेशवाईच्या कागदांत त्यांची खरेदी-विक्री आहे. शब्द आपल्याकडे नव्हता असं नाही.

शुद्धमती: विषय कुठे नेताय?

रिकामटेकडा: आमच्या घरी गुलाम म्हणजे पत्त्यातला. आजीबरोबर गुलामचोर खेळायचो, तीन गुलाम बाजूला काढून.

चिंचगूळ: तीन? आम्ही एकच काढायचो.

रिकामटेकडा: मग उरलेल्या तिघांतल्या दोघांची जोडी लागते ना!

चिंचगूळ: लागू दे, एक उरतोच की शेवटी.

उंबरठा: अहो, सोमवार!

रिकामटेकडा: ताई, तुमच्याकडे किती काढायचे?